कलम केलेली गाडी

श्रावणात झड लागली की सौंसर-पांढुर्णा रस्त्यावरून झाडं प्रवासाला निघतात. छोट्या टेम्पोंच्या आणि पिकअपच्या हौद्यांतून हिरवे शेंडे वर आलेले असतात. गाडी वळली की सगळे एका बाजूला झुकतात, सरळ झाली की पुन्हा उभे राहतात. टपरीवर चहा पिणारा माणूस त्यांच्याकडे मान वळवून पाहत नाही. ही संत्र्याची कलमं. वाफ्यातून निघून बागेकडे चाललेली.

झड म्हणजे मुसळधार पाऊस नव्हे. मुसळधार पाऊस येतो आणि जातो. झड येते आणि राहते. दिवसच्या दिवस आभाळ खाली उतरलेलं, बारीक पाणी, वारा जवळजवळ नाही, ऊन अजिबात नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, पापड सादळतात. माणसांना हे दिवस कंटाळवाणे वाटतात. पण जमिनीतून उपटलेलं रोप याच दिवसांत जिवंत राहतं, म्हणून कलम हलवायचं ते झडीत. मध्येच उघाड पडली, दोन दिवस कडक ऊन तापलं, तर वाटेतल्या कलमाची पानं आधी वाकतात आणि मग वळतात. वळलेलं पान पुन्हा उलगडत नाही.

यंदाही झड लागली आहे. खिडकी बंद असली तरी रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखू येतात. नव्या गाड्यांचा आवाज सपाट, एकसारखा. त्यांच्यात एक आवाज वेगळा आहे. जाड, सावकाश, मध्ये मध्ये घसा खाकरल्यासारखा. तो ऐकला की समजायचं, रामाकोन्याच्या बेबीताई ढोके कलमं घेऊन निघाल्या. त्या आवाजाची पहिली झड मी घराच्या या ओट्यावरून पाहिलेली आहे, कारण ओट्यासमोरच गुलाब मिस्त्रींचं गॅरेज आहे आणि तो आवाज तिथे जन्मला.

बेबीताई आधी दुसऱ्यांच्या रोपवाटिकांत कलमाचे डोळे बांधायला जात. संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. जंभेरीचं, म्हणजे आंबट, काटेरी, पण चिवट लिंबाचं रोप वाढवतात, तो खुंट. हिवाळ्यात खुंटाच्या सालीला चिरा देऊन त्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सरकवतात आणि वरून पट्टी घट्ट बांधतात. वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दिवसभर. वाफ्यात बसलेल्या बायकांचा एक वास असतो: ओल्या मातीचा, जंभेरीच्या सालीचा आणि दुपारच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. बेबीताईंच्या बोटांना तो वास कायमचा लागलेला होता. पुढे घरच्या तुकड्यात त्यांनी स्वतःचे वाफे टाकले.

या भागात कलम घेणारा आधी रोपाच्या जातीची किंवा वयाची चौकशी करत नाही. तो विचारतो, हात कोणाचा? एकाच वाफ्यात, एकाच फांदीचे डोळे दोन बायकांनी बांधले तर एकीचे लागतात आणि एकीचे वाळतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला लोक हात लागणं म्हणतात. बेबीताईंचा हात लागत होता. मग एका पावसाळ्यात त्यांनी भाड्याच्या गाडीतून कलमं पाठवली. गाडीवाल्यानं ती ढिगासारखी रचली आणि खड्ड्यांतून दामटली. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटला. गोळा फुटला की बारीक मुळ्या तुटतात, आणि असं कलम लावलं तरी धरत नाही. बागेत अर्धीअधिक कलमं वाळली. बागवाल्यानं गाडी पाहिली नव्हती, वाळलेली झाडं पाहिली होती. बाजारात वाक्य फिरलं: बेबीचा हात गेला.

त्यावर त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. हाताची बाजू तोंडानं मांडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मोहगावच्या देवरावजींनी मात्र नव्या बागेसाठी त्यांच्याकडेच कलमं सांगितली. अट एक घातली. बांधावर ते स्वतः गोळे तपासतील आणि फुटके गोळे निघाले तर सगळी गाडी परत जाईल. ही गाडी परत गेली असती तर पुढे कोणी बेबीताईंच्या वाफ्याकडे फिरकलं नसतं, आणि त्यांना पुन्हा दुसऱ्यांच्या वाफ्यात वाकावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ठरवलं की कलमं जातील ती आपल्या गाडीतून, आणि गाडी आपण चालवू.

गाडी होती. सरकारी लिलावातून आलेली, पेट्रोलवरची, जाड पत्र्याची जुनी पिकअप. त्या वैशाखात तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत ती गुलाब मिस्त्रींच्या दारात आली तेव्हा पत्रा हात लावू देत नव्हता, इतका तापलेला होता.

गुलाब मिस्त्री बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि बोलले तर तिरकस. घरी वडिलांची थोडी संत्र्याची झाडं होती, पण यांचं मन पान्यांत. इंजिनाचा बिघाड शोधताना ते मोठ्या पेचकसाचं टोक इंजिनाला लावत आणि मूठ कानाला, डॉक्टरसारखे. तडा पाहून त्यांनी सांगितलं की हे इंजिन संपलं, त्या जातीचं दुसरं आता मिळणार नाही, भंगारात निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन पांढुर्ण्याला पडून आहे, ते चांगलं आहे. पण ते या गाडीसाठी जन्मलेलं नाही. त्यापेक्षा चांगला गाडीवाला पाहा आणि भाड्यानं न्या.

बेबीताई म्हणाल्या, "जंभेरीवर संत्रा चढते, मिस्त्री. ते तं झाडंच वेगळी हायेत. तुमचं तं दोन्हीकडून लोखंडच हाये."

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. त्या दिवसापासून गॅरेजात या कामाला इंजिन बदलणं असं कोणी म्हटलं नाही. सगळे कलम म्हणू लागले. छिंदवाड्याहून परवानगी काढावी लागणार होती. गाड्यांचे कागद करून देणारा एकजण बाकावर बसून अर्ज भरत होता. इंजिनबदल कोणत्या कलमाखाली लिहायचा, असं त्यानं विचारलं. गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "जंभेरीखाली लिह."

जुनं इंजिन साखळीच्या कप्पीनं वर निघालं तेव्हा बॉनेटखाली एक मोठी पोकळी उरली. खाली जमीन दिसत होती. पांढुर्ण्याचं इंजिन तिच्यावर टांगलं गेलं आणि लगेच कळलं की ते लांब आहे, जड आहे, आणि त्याचा तळ नको तिथे खाली आलेला आहे. तळाचं तेलाचं चेंबर पुढच्या आसाला टेकत होतं. ते कापून, आत घेऊन पुन्हा वेल्डिंग केलं. इंजिनाचं तोंड जुन्या गिअर बॉक्सला जुळत नव्हतं. मधली जाड चकती लेथवर उतरवून आणली. वजनानं गाडी नाकावर बसली. पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. डिझेल इंजिनात पंपाकडे जातं त्यातलं काही तेल टाकीकडे परत येतं, पेट्रोलच्या गाडीत तशी सोय नसते. मिस्त्रींनी तांब्याची परतीची नळी घातली आणि तिला वळण देताना एवढा वेळ घेतला की बेबीताईंनी विचारलं, हे नळी करून राहिले का पैंजण?

त्या रोज येत नसत. पण आल्या की बाजूला बसत नसत. कोणता बोल्ट कुठे जातो, कोणती नळी कशासाठी, हे विचारत आणि ऐकत. एकदा त्यांनी गिअर बॉक्स आणि इंजिन यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. वाफ्यात डोळा सरकवल्यावर चिरेवरून फिरवतात तसं. मिस्त्री ते पाहत होते. तपासून झालं का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वेळी सांधा जुळवताना त्यांनी स्वतःच बोट फिरवून पाहिलं.

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर जिथे बसतं, तिथे रबराच्या गाद्या असतात. गॅरेजातले लोक त्यांना फाउंडेशन म्हणतात. जुन्या गाद्या हलक्या इंजिनाच्या होत्या. त्यांच्यावर हे जड इंजिन बसवून पहिल्यांदा चालू करून पाहिलं, तर ते डाव्या-उजव्या अंगाला इतकं डोललं की पंख्याची पाती रेडिएटरला घासली. आवाज ऐकून समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. तोवर आभाळ भरून येऊ लागलं होतं. मिस्त्रींना मोठ्या गाद्या हव्या होत्या आणि त्या कुठे मिळत नव्हत्या. बेबीताईंनी उपाय सांगितला: रबर काढून टाका, लोखंडाला लोखंड लावा आणि घट्ट आवळा. मिस्त्री घुटमळले. डिझेल थरथरतं, असं काहीतरी पुटपुटले.

"सैल बांधलेला डोळा कधी लागला का?" बेबीताईंनी विचारलं.

या प्रश्नाला सौंसर तालुक्यात एकच उत्तर आहे, आणि मिस्त्री संत्र्याच्या घरातले होते. त्यांनी लोखंडी पट्ट्या घातल्या आणि लांब दांड्याचा पाना लावून बोल्ट आवळले. दुसऱ्या एखाद्या गावात ही चूक झाली नसती. तिथे कोणाला ती सुचली नसती.

मग नळ्यांमधली हवा काढली. पंपावरचा एक पेच ढिला करून हातानं दट्ट्या मारत राहायचं. आधी फेस येतो, मग फेस आणि तेल, मग नुसतं तेल. पेच आवळला, सेल्फ मारला, इंजिनानं दोनदा ढेकर दिली आणि ते धरलं. काळ्या धुराचा एक गोळा गॅरेजच्या टिनाखाली फिरून बाहेर गेला. पंखा जागच्या जागी फिरत होता. बेबीताईंनी थोडा वेळ ऐकून किल्ली उलटी फिरवली. इंजिन चालूच राहिलं. त्यांनी किल्ली काढून पदरात घेतली. तरी चालू. मिस्त्री हसू दाबून म्हणाले की हे पेट्रोल नाही, किल्लीनं ऐकत नाही. ती तार ओढा. तार ओढल्यावर ते थांबलं. बेबीताई म्हणाल्या की बरं आहे, घरात एक असाच आहे.

झड लागली. बेबीताईंनी विकायला न काढलेली, वाकडी राहिलेली काही कलमं मातीच्या गोळ्यांसकट उचलली, गोळे भाताच्या तणसात बांधले, हौद्यात ठेवले आणि गाडी रामाकोन्याच्या रस्त्यानं नेऊन परत आणली. हळू. एकही खड्डा दामटला नाही. गॅरेजात येऊन त्यांनी एका कलमाचं तणस सोडलं. माती रव्यासारखी खाली आली. दुसऱ्याचं सोडलं. तेच. हातात नुसती मुळं राहिली, धुतल्यासारखी. खड्ड्यांनी हे केलं नव्हतं. इंजिनाची थरथर लोखंडातून सांगाड्यात, सांगाड्यातून हौद्यात आणि हौद्यातून प्रत्येक गोळ्यात गेली होती. उभ्या गाडीतसुद्धा माती चाळणीत घातल्यासारखी हलत होती.

बाहेर झड चालू होती. देवरावजींचे खड्डे खणून तयार होते, आणि चांगल्या कलमांभोवतीची माती बेबीताईंनी आदल्या दिवसापासून मोकळी करायला घेतली होती. त्या उकिडव्या बसल्या आणि इंजिनाखालच्या त्या घट्ट बोल्टांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"मिस्त्री, डोळा लागल्यावर आपण पट्टीचं काय करतो?"

"कापतो."

"नाइ कापली तं?"

"खोड फुगते. गळा आवळते त्याचा."

"मंग याची पट्टी कापाची राहिली नं."

वाफ्यात हे सगळ्यांना माहीत असतं. डोळा बांधताना पट्टी घट्टच हवी. पण डोळा जिवंत झाला की तीच पट्टी फास होते, ती वेळेत चिरावी लागते. बांधण्याचं कौतुक सगळे करतात. सोडण्याची वेळ ओळखणं हे अर्धं काम आहे, आणि ते करायला वाफ्यात पुन्हा तितकंच वाकावं लागतं.

मिस्त्री छत्री न घेता निघून गेले. परतले तेव्हा खांद्यावर जाड काळ्या रबराची गुंडाळी होती. मँगनीजच्या खाणीत दगड वाहून नेणारा पट्टा, जुना, काढून टाकलेला. त्याचे चौकोन कापले, थरावर थर ठेवून लोखंडी पट्ट्यांमध्ये बसवले. रेडिएटर पुढे सरकवून नव्या जोडलेल्या लोखंडी कानांवर टांगला, म्हणजे इंजिन डोललं तरी पंख्याला जागा राहील. बोल्ट या वेळी मिस्त्रींनी आखूड पान्यानं आवळले, आणि रबर दबून फुगायला लागायच्या आधी हात थांबवला. वर दुसरा नट चढवून पहिल्याला कुलूप घातलं. कापलेल्या रबराचा वास ओल्या हवेत दोन दिवस राहिला.

इंजिन सुरू झालं तेव्हा ते आधीपेक्षा जास्त हलत होतं. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला भीती वाटावी इतकं. बेबीताई मागे गेल्या आणि हौद्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. पाऊस त्यांच्या हातावर पडत होता. इंजिन हलत होतं, गाडी थांबलेली होती.

चांगलं काम पाहण्यात एक शांत सुख असतं. ते पाहणाऱ्याकडे काही मागत नाही. त्यानंतर अनेक गाड्यांची इंजिनं त्या टिनाखाली निघाली आणि बसली. आता गुलाब मिस्त्री चष्म्याशिवाय बोल्टावरचा आकडा वाचू शकत नाहीत, पण पेचकस कानाला लावायला चष्मा लागत नाही. खाणीतल्या पट्ट्याच्या गाद्या त्या पिकअपमध्ये अजून आहेत. एकदा बदलल्या, तेव्हाही त्याच रबराच्या घातल्या. रस्त्यावर नव्या गाड्या वाढल्या. वाफेही वाढले, आणि बरीच कलमं आता प्लास्टिकच्या पिशवीत वाढतात. बेबीताई मात्र मातीच्या गोळ्याची कलमं देतात, कारण त्यांच्या मते पिशवीत मुळी गोल फिरते आणि तिला गोलच फिरायची सवय लागते.

त्या वर्षी मोहगावला निघायचा दिवस शनिवार होता. बेबीताई स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री, कारण गाडीवर त्यांचा अजून पुरता विश्वास नव्हता. मागे कलमांपाशी बसायला माणूस हवा होता. ती जागा मला मिळाली. अंगावर पोत्याची खोळ, पायांशी ओलं तणस, चारी बाजूंनी संत्र्याची कोवळी पानं. चुरगळल्याशिवाय त्यांना वास येत नाही, पण एवढी एकत्र असली की येतो.

जामसांवलीच्या वळणावर गाड्या अडकल्या. शनिवारची मारुतीची गर्दी, त्यात पाऊस. नारळवाले, मोटारसायकली, ट्रॅक्टर, सगळे एकमेकांत गुंतलेले. डिझेल इंजिन सगळ्यात जास्त थरथरतं ते जागच्या जागी, हळू चालताना. बंद करावं तर पुन्हा सुरू होईल याची मिस्त्रींना खात्री नव्हती. त्यामुळे ते चालू राहिलं, आणि गाडी उभी. हौद्यात बसून गोळ्यांवर नजर ठेवण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. वरच्या रांगेतली पानं किंचित कापत होती. तळचे गोळे दिसत नव्हते.

एक म्हातारे भाविक खिडकीशी थांबले. हौद्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "बाई, नारळ सोडून सबंध बागच चढवून राहिल्या का देवाले?"

"देवाले नाइ जी, देवरावले," बेबीताई म्हणाल्या. म्हातारबाबा हसले, पण बेबीताईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. मिस्त्री आरशातून मागे पाहायचा प्रयत्न करत होते. आरशात पानांशिवाय काही दिसत नव्हतं.

मोहगावला देवरावजी बांधावर छत्री घेऊन उभे होते. मोजकं बोलणारे, उंच गृहस्थ. त्यांनी वरची कलमं बाजूला करायला सांगितली. मग स्वतः हौद्यावर चढले आणि अगदी तळाशी, मागच्या चाकांच्या वर असलेली रांग गाठली, जिथे धक्का सर्वांत जास्त बसतो. एक गोळा उचलून तणस सोडलं, अंगठ्यानं दाबलं. माती अखंड होती. दुसरा. तिसऱ्याला एक बारीक भेग होती. देवरावजींचा हात तिथे पोहोचायच्या आत बेबीताईंनी तो उचलून वेगळा ठेवला. मग त्यांनी स्वतःच रांगेतून हात फिरवून आणखी एक ढिला गोळा शोधला आणि पहिल्याशेजारी ठेवला. देवरावजींनी त्या दोन गोळ्यांकडे पाहिलं, उरलेल्या रांगेकडे पाहिलं. आणखी काही गोळे दाबले. मग तपासणं मध्येच थांबवलं आणि खाली उतरले.

माणसं कलमं उतरवून खड्ड्यांकडे नेऊ लागली. पावसाचा आवाज पानांवर वेगळा आणि छत्रीवर वेगळा येत होता. मिस्त्री बॉनेट उघडून उभे होते, पण इंजिनाकडे पाहत नव्हते. देवरावजी बेबीताईंकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षीचे वाफे माझ्या नावानं राहू द्या."

बेबीताईंनी वेगळे ठेवलेले दोन गोळे छातीशी धरले होते. लुगड्यावर माती उतरली होती.

"आधी हे लागू द्या जी," त्या म्हणाल्या, आणि पहिला खड्डा कोणता ते विचारत चिखलातून पुढे निघाल्या.